डोळ्यांचा रोसेशिया आणि अँटिबायोटिकचा कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळे सतत लाल, पापण्यांच्या कडा सुजलेल्या, वर्षातून तीन-चारदा रांजणवाडी, आणि आता हातात डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची महिनाभराची चिठ्ठी. रोसेशिया हा मुळात चेहऱ्याच्या त्वचेचा जुनाट दाह; तो डोळ्यांत आणि पापण्यांतही होतो. गोळ्या सुरू कराव्यात का, किती दिवस घ्याव्यात आणि कधी थांबवाव्यात, हे ठरवताना जे प्रश्न हमखास पडतात त्यांची उत्तरं इथे आहेत. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

जंतुसंसर्ग नाही असं डॉक्टर म्हणतात, मग अँटिबायोटिक कशाला?

या आजारात डॉक्सिसायक्लिन मुख्यतः जंतू मारण्यासाठी दिलेलीच नसते, ती दाह कमी करण्यासाठी असते. हे एकदा लक्षात आलं की डोस, मुदत, फरक पडायला लागणारा वेळ या सगळ्याचा उलगडा होतो.

पापणीच्या आत कडेला काटकोनात मायबोमियन ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांच्यातून पाझरणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि अश्रू उडून जाऊ देत नाही. रोसेशियात हे तेल थंडीत थिजलेल्या खोबरेलासारखं घट्ट होतं आणि ग्रंथींची तोंडं बुजतात. पापणीवरचे नेहमीचे जंतू लायपेज नावाच्या विकराने त्या तेलाचे तुकडे करतात, त्यातून सुटणारी मेदाम्लं डोळ्याला झोंबतात आणि दाह वाढतो. डॉक्सिसायक्लिन या लायपेजची निर्मिती कमी करते. शिवाय ऊती झिजवणाऱ्या मेटॅलोप्रोटिनेज विकरांना, विशेषतः एमएमपी-९ ला, ती रोखते. कॉर्निया, म्हणजे बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होण्यामागे याच विकरांचा हात असतो. हे परिणाम जंतू मारण्याइतक्या मात्रेपेक्षा कमी मात्रेतही मिळतात.

म्हणून ‘५ दिवसांचा कोर्स पूर्ण केला, काही फरक नाही’ ही तक्रार डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत गैरलागू आहे. ५ दिवसांत फरक पडण्याची अपेक्षाच नसते.

माझ्या चेहऱ्यावर लाली नाही. तरी रोसेशिया कसा?

काही रुग्णांत डोळ्यांची लक्षणं त्वचेच्या आधी दिसतात, कधी काही वर्षं आधी. दुसरं म्हणजे रोसेशियाचं पाठ्यपुस्तकातलं चित्र गोऱ्या त्वचेवरून काढलेलं आहे. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर लाली नजरेत भरत नाही. तिथे गालांची जळजळ, ऊन किंवा गरम वाफ लागताच चेहरा तापणं, तिशी-चाळिशीनंतर आलेले ‘पिंपल्स’ पण ब्लॅकहेड मात्र नाहीत, असे पुरावे शोधावे लागतात. २०१७ मध्ये रोसेशियाचं वर्गीकरण बदललं. आधीच्या ठरावीक चार प्रकारांऐवजी आता प्रत्येक रुग्णातली लक्षणं वेगवेगळी मोजली जातात आणि डोळ्यांचा सहभाग त्यात स्वतंत्रपणे धरला जातो.

डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्प या भिंगाच्या यंत्राखाली पापणीच्या कडेवर फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या, बुजलेल्या ग्रंथी आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते पाहतात. १० सेकंदांच्या आत फुटला तर थर अस्थिर मानतात. फ्लुरेसिन रंग टाकून कॉर्नियावर ओरखडे किंवा व्रण आहे का तेही बघतात. ही तपासणी न करता नुसत्या तक्रारीवरून गोळ्या सुरू झाल्या असतील, तर आधी तपासणी मागून घ्या.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. गोरेपणासाठी चेहऱ्याला लावलेली स्टेरॉइडमिश्रित क्रीम. महिनोन्महिने लावल्यावर चेहरा हुबेहूब रोसेशियासारखा लाल, नाजूक आणि फोडांनी भरलेला होतो, आणि क्रीम बंद करताच आणखी भडकतो. असं क्रीम वापरत असाल किंवा पूर्वी वापरलं असेल, तर संकोच न करता सांगा. ट्यूब घेऊनच जा.

सगळ्यांनाच गोळ्या लागतात का?

नाही. डोळे चुरचुरणं, सकाळी कडांना चिपडं धरणं, संध्याकाळी डोळे थकणं एवढंच असेल तर सहा ते आठ आठवडे नीट केलेला शेक, पापण्यांची स्वच्छता आणि कृत्रिम अश्रू यांवर पुष्कळांचं भागतं. ‘नीट केलेला’ या शब्दांवर जोर आहे.

गोळ्यांचं पारडं जड होतं ते असं: पापण्यांची निगा मनापासून करूनही लक्षणं तशीच आहेत, रांजणवाडी किंवा पापणीतली गाठ पुन्हा पुन्हा येते, चेहऱ्यावरही पू धरणारे फोड आहेत, म्हणजे एका औषधात दोन कामं होतील, किंवा कॉर्नियावर परिणाम दिसतो आहे. यातलं शेवटचं कारण असेल तर घोळ घालत बसू नये. कॉर्नियाच्या खालच्या कडेला पांढुरके डाग आणि त्यांच्याकडे सरकणाऱ्या रक्तवाहिन्या दिसल्या की व्रण पडून नजरेला कायमचा फटका बसू शकतो.

नजर अंधुक होणं, खरं दुखणं (नुसती चुरचुर नव्हे), उजेड सहन न होणं किंवा बुब्बुळावर पांढरा ठिपका दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. तेव्हा गोळी घ्यावी की नको, हा प्रश्न मागे पडतो.

शेक आणि पापण्यांची निगा नेमकी कशी करायची?

बहुतेकांचं इथेच बिनसतं. कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि गार रुमालाने तेल वितळत नाही. पापणीला साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब ५ ते १० मिनिटं सलग मिळायला हवी. त्यासाठी रुमाल दर दोन मिनिटांनी पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळा किंवा शेकासाठी मिळणारा डोळ्यांचा मास्क वापरा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे चटका बसला तर डोळ्यावर ठेवू नका. रोसेशियाच्या रुग्णाला उष्णतेनेच चेहरा भडकण्याचा त्रास असतो, म्हणून शेक फक्त पापण्यांपुरता ठेवा. टोपात पाणी उकळून डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेणं हा त्याला पर्याय नाही, त्याने गाल पेटतात.

शेक काढल्यावर लगेच हलका मसाज करा. वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे पापण्यांच्या केसांच्या दिशेने. दाब पापणीवर हवा, बुब्बुळावर नको. मग केसांची मुळं पुसा. पापण्यांसाठी मिळणारे वाइप सोयीचे. ते परवडत नसतील तर उकळून कोमट केलेल्या अर्ध्या कप पाण्यात बेबी शाम्पूचे २-३ थेंब टाकून कापसाच्या काडीने कडा पुसा आणि साध्या पाण्याने धुऊन काढा. सुरुवातीला हे दिवसातून दोनदा, नंतर एकदा.

पापणीच्या आतल्या कडेला काजळ घालणं मात्र बंद. ते थेट ग्रंथींच्या तोंडावरच बसतं. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळही याला अपवाद नाही.

कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह सारखं पडत राहिलं तर आधीच चिडलेल्या कॉर्नियाला आणखी त्रास देतं.

डॉक्सिसायक्लिनचा डोस आणि मुदत किती असते?

प्रौढांसाठी रुळलेली पद्धत अशी: १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा, साधारण ४ ते ६ आठवडे, मग आराम पडला की ५० किंवा ४० मिलिग्रॅमवर उतरवून आणखी काही आठवडे ते २-३ महिने. काही डॉक्टर सुरुवातीपासूनच कमी मात्रा देतात. कॉर्नियावर दाह असेल तर सुरुवात सहसा वरच्या मात्रेने होते.

४० मिलिग्रॅमची जी खास कॅप्सूल आहे, तिच्यात ३० मिलिग्रॅम लगेच आणि १० मिलिग्रॅम सावकाश सुटणारं औषध असतं. रक्तातली पातळी जंतू मारण्याच्या पातळीखाली राहते, दाहविरोधी काम मात्र चालतं. अमेरिकेत २००६ साली तिला मान्यता मिळाली ती चेहऱ्यावरच्या फोडांसाठी. डोळ्यांसाठी ती अनुभवाच्या आधारे वापरली जाते. मेडिकलमध्ये सर्रास मिळते ती १०० मिलिग्रॅमची, पुष्कळदा लॅक्टोबॅसिलस (पोटाला उपकारक जंतू) घातलेली गोळी. चिठ्ठीवर ४० लिहिलं असताना दुकानदार १०० ची देत असेल तर डॉक्टरांना फोन करा. सावकाश सुटणारी कॅप्सूल उघडून अर्धी करू नका.

गोळ्या सुरू करतानाच फेरतपासणीची आणि अंदाजे थांबण्याची तारीख ठरवून चिठ्ठीवर लिहून घ्या, असा आमचा आग्रह आहे. या औषधाचं दुखणं हे की कोणी थांबवत नाही. सहा आठवड्यांची चिठ्ठी घेऊन लोक दोन वर्षं गोळ्या आणत राहतात.

गोळी कशी घ्यायची?

नाश्त्यानंतर किंवा दुपारच्या जेवणानंतर, बसून किंवा उभ्याने, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर. नंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना घोटभर पाण्याने गिळलेली डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे व्रण पाडते. दुसऱ्या दिवशी छातीत असं काही दुखतं की माणूस हृदयविकार समजून इस्पितळ गाठतो. ही या औषधाची सगळ्यात टाळता येण्यासारखी तक्रार आहे.

दुधाने डॉक्सिसायक्लिनचं शोषण साधारण २० टक्क्यांनी घटतं. जेवणात वाटीभर दही असलं तर आभाळ कोसळत नाही, पण गोळी दुधासोबत गिळू नका. लोह, कॅल्शियम, झिंक आणि अँटासिड यांचा अडथळा याहून मोठा आहे. त्यांच्यात आणि या गोळीत दोन-तीन तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी चालू असेल तर सोपा तोडगा म्हणजे डॉक्सिसायक्लिन नाश्त्यानंतर आणि लोह रात्री.

या गोळ्यांवर असताना ऊन फार लवकर भाजतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात कोर्स सुरू होत असेल तर टोपी, पूर्ण बाह्या, गॉगल आणि किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन धरूनच चाला. शेतात किंवा रस्त्यावर दिवसभर काम असेल तर तसं सांगा. कदाचित दुसरं औषध निवडता येईल. मुदत संपलेली पाकिटं फेकून द्या. खराब झालेल्या टेट्रासायक्लिनने, म्हणजे याच गटातल्या जुन्या औषधाने, मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

फरक कधी दिसेल?

पहिले दोन आठवडे सहसा काही नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सकाळची चिपडं आणि चुरचुर कमी होते. पूर्ण परिणाम कळायला ६ ते १२ आठवडे लागतात. कडेवरच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या मात्र गोळ्यांनी जात नाहीत, त्यामुळे आरशातली लाली हे मोजमाप धरू नका. रोज संध्याकाळी चुरचुरीला ० ते १० मधला एक आकडा द्या आणि कॅलेंडरवर लिहा. सहा आठवड्यांनी हा कागद डॉक्टरांना दाखवा.

अझिथ्रोमायसिन किंवा मिनोसायक्लिन चांगलं नाही का?

अझिथ्रोमायसिन शरीरात बराच काळ टिकतं, त्यामुळे कोर्स छोटा असतो. एक वापरात असलेली पद्धत म्हणजे पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम आणि पुढचे चार दिवस २५०. मायबोमियन ग्रंथींच्या विकारात या पाच दिवसांच्या कोर्सची तुलना महिनाभर रोज २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनशी केली गेली तेव्हा दोन्हींनी आराम पडला, आणि अझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांना पोटाचा त्रास कमी झाला. उन्हात काम करणारे, डॉक्सिसायक्लिन न सोसणारे किंवा महिनाभर गोळ्या लक्षात न राहणारे, अशांसाठी हा चांगला पर्याय आहे. पण हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता असेल, ईसीजीत क्यूटी अंतर (ठोक्यांच्या विद्युत-लयीचं एक मोजमाप) लांबलेलं असेल किंवा ते लांबवणारी औषधं चालू असतील तर नको. सर्दी-खोकल्याला आपल्याकडे हेच औषध चण्या-फुटाण्यासारखं वापरलं गेलं आहे, त्यामुळे ‘घरात पडलंय’ म्हणून सुरू करू नका.

अझिथ्रोमायसिनचे १ टक्क्याचे थेंबही असतात: पहिले दोन दिवस दिवसातून दोनदा, मग रोज एकदा, दोन ते चार आठवडे. गोळ्या नको असणाऱ्यांनी याबद्दल जरूर विचारावं. थेंब घट्ट असतात, टाकल्यावर थोडा वेळ झोंबतं.

मिनोसायक्लिनला आम्ही मागच्या रांगेत बसवू. चक्कर, त्वचेवर आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर निळसर-करडे डाग, क्वचित ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार, ही यादी डॉक्सिसायक्लिनच्या यादीपेक्षा जड आहे.

पुरावा किती भक्कम आहे?

अपेक्षेपेक्षा कमी. डॉक्टरांचा अनुभव भरपूर आहे, दशकांचा आहे, पण मोठ्या आणि काटेकोर चाचण्या मोजक्याच. दीर्घकालीन ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांचा जुनाट दाह, त्यावर तोंडाने घेण्याच्या अँटिबायोटिकबद्दल २०२१ च्या कोक्रेन आढाव्याने (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालाने) ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं. डोळ्यांच्या रोसेशियासाठी सायक्लोस्पोरिन या दाह आवरणाऱ्या औषधाच्या ०.०५ टक्के थेंबांच्या बाजूने काही चाचण्या आहेत. ते अँटिबायोटिक नाही, महिनोन्महिने वापरता येतं, पण परिणाम सावकाश होतो आणि सुरुवातीला जळजळतं. गोळ्या थांबवताना त्यांच्या जागी हे थेंब आणणं ही समजूतदार चाल आहे.

पुरावा कमी आहे याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे असा नाही. पण ‘घ्यायलाच हवं’ असा आग्रहही धरता येत नाही, आणि सौम्य आजारात गोळ्या नाकारण्याचा तुमचा निर्णय अडाणीपणाचा ठरत नाही.

कोणी डॉक्सिसायक्लिन घेऊ नये?

गरोदर स्त्रियांनी नाही. गर्भारपणाचा विचार चालू असेल तर आधी सांगा. अंगावर पाजणाऱ्यांनी लांब कोर्स टाळावा. आठ वर्षांखालच्या मुलांना आठवडेच्या आठवडे देत नाहीत, कारण टेट्रासायक्लिन गटातली औषधं वाढत्या दातांत कायमचे डाग पाडतात. मुलांसाठी वजनानुसार एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन असतं. मुलाच्या बुब्बुळाच्या कडेला पुन्हा पुन्हा पांढरट फोड येत असेल तर आपल्या देशात क्षयरोगाची तपासणी आधी व्हायला हवी. तो फोड क्षयाच्या जंतूंविरुद्धची प्रतिक्रियाही असू शकतो.

मूत्रपिंडाचा आजार असला तरी डॉक्सिसायक्लिन सहसा चालते, जुनी टेट्रासायक्लिन चालत नाही. लोकांचा इथे घोटाळा होतो.

इतर औषधांशी कुठे जमत नाही?

सगळ्यात महत्त्वाचं आयसोट्रेटिनोइन. त्वचेचे डॉक्टर ते मुरमांवर, कधी रोसेशियावरही देतात. दोन्ही एकत्र घेतली तर कवटीतला दाब वाढू शकतो. डोळ्यांचे आणि त्वचेचे डॉक्टर वेगळे असले की ही चूक सहज घडते, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या दोघांना दाखवा. शिवाय आयसोट्रेटिनोइन स्वतःच मायबोमियन ग्रंथी आणखी सुकवतं.

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमॅरॉल चालू असेल तर काही दिवसांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) तपासा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही फिट्सची औषधं आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिन शरीरातली डॉक्सिसायक्लिन लवकर संपवतात. मग गोळी चालू असूनही परिणाम दिसत नाही.

काय झालं तर गोळी थांबवायची?

न थांबणारी डोकेदुखी, त्यात दिसणं धूसर किंवा दुहेरी होणं, कानात नाडीसारखी धडधड: गोळी बंद आणि त्याच दिवशी तपासणी. पुरळ, ओठ-चेहऱ्यावर सूज, धाप: तातडीने इस्पितळ. गिळताना दुखणं, रक्त पडणारे किंवा थांबत नसलेले जुलाब: बंद करून डॉक्टरांना कळवा. मळमळ एवढीच असेल तर पोटभर जेवणानंतर घेऊन बघा. योनिमार्गात खाज आणि दह्यासारखा स्राव होणं हे बुरशीचं लक्षण; त्यावर उपचार सोपा आहे, लाजून अंगावर काढू नका.

मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब लगेच काम करतात. तेच का नको?

ते खरंच लगेच काम करतात, आणि धोका तिथेच आहे. दाह भडकलेला असताना नेत्रतज्ज्ञ सौम्य स्टेरॉइड एक-दोन आठवडे, मोजून, डोळ्याचा दाब तपासत देतात. स्वतःच्या मनाने महिनोन्महिने टाकले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होतात. आणि लाल डोळा रोसेशियाचा नसून पिकाचं पातं किंवा धसकट लागून झालेल्या बुरशीच्या व्रणाचा असेल, तर स्टेरॉइडने तो व्रण झपाट्याने पसरतो. ऊस-सोयाबीनच्या पट्ट्यात हा नुसता पुस्तकी इशारा नाही.

खाण्यापिण्याचं पथ्य?

झणझणीत रस्सा, मद्य, कडक ऊन, चुलीसमोरची धग यांनी बऱ्याच जणांचा आजार भडकतो, सगळ्यांचा नाही. दोन-तीन आठवडे नोंद ठेवा आणि जे खरंच बाधतं तेवढंच सोडा. चहात दोष बहुधा त्याच्या गरमपणाचा असतो. जरा निववून प्या. ओमेगा-३ च्या महागड्या कॅप्सूल घेण्याआधी एवढं जाणून घ्या की डोळ्यांच्या कोरडेपणावरच्या २०१८ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरलं नाही.

गोळ्या बंद केल्या आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. आता?

हा आजार जुनाट आहे, उलटणं नेहमीचं आहे. आधी बघा की शेक आणि स्वच्छता चालू आहे का. आराम पडला की पहिली सुटते ती हीच. मग पापण्यांच्या केसांच्या मुळाशी नळीसारखी पांढरट साल आहे का ते तपासून घ्या. ती डेमोडेक्स किड्याची खूण आहे आणि त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. टी-ट्री तेलाचे पापण्यांसाठी बनवलेले वाइप किंवा डॉक्टरांनी दिलेलं किडेमार औषध लागतं. शुद्ध टी-ट्री तेल डोळ्याजवळ नेऊ नका, कॉर्निया भाजतो.

हे दोन्ही बघून झाल्यावरच दुसऱ्या कोर्सचा विचार करावा, तोही सर्वांत कमी उपयोगी मात्रेत. वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा गोळ्या लागत असतील, तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा आयपीएल नावाच्या प्रकाशोपचाराबद्दल विचारा. आयपीएल सावळ्या त्वचेवर भाजण्याचा किंवा डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून यंत्र कोणत्या त्वचेसाठी किती शक्तीवर लावणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.